टॉरबेकची जाडी तार

लग्नाआधी नवऱ्याची बेस गिटार दुरुस्तीच्या दुकानातून आणायला मी एकटी गेले होते. दुकानातल्या काकांनी ती पिशवीत घालता घालता मला दोन गोष्टी बजावल्या. एक, या बेसची सर्वांत जाडी तार एक जास्तीची घेऊन ठेव, पुढे मिळायची नाही. दोन, हा बेस कसा आहे, असं कुठल्याही बेसवाल्याला कधीही विचारू नकोस.

"एका बेसवाल्याला विचारलं तर चालेल?" मी थट्टेनं म्हटलं.

"पोरी, एकाला विचारलेलं एकापाशी राहत नाही. आणि ज्याच्या कानाला याची सवय लागते ना, त्याला मग याच्याशिवाय झोप येत नाही. माझं काम सांगायचं."

मी हसले. संख्याशास्त्रात पदवी घेतलेली बाई मी. मतं जितकी जास्त गोळा कराल तितके तुम्ही सत्याच्या जवळ जाता, हे मी परीक्षेत लिहून पहिला वर्ग मिळवलेला. जास्तीची तार मी घेतली नाही.

बेस म्हणजे चार जाड तारांची ती गिटार, जी बँडमध्ये सगळ्यात मागे उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्यात असते आणि जी वाजत होती हे ती थांबल्यावर कळतं. माझ्या नवऱ्याकडची टॉरबेक कंपनीची. एके काळी म्हणे टॉरबेकशिवाय स्टेजवर जायची बेसवाल्यांना लाज वाटायची. मग अचानक टॉरबेक घेऊन जायची लाज वाटायला लागली. मध्ये काय झालं ते कोणालाच माहीत नाही. कंपनी बंद पडून जमाना झाला. या बेसला डोकंच नाही. बाकीच्या गिटारींना वरच्या टोकाला खुंट्या असतात. याच्या खुंट्या खाली, पोटापाशी. वरती दांडी एकदम संपते, कुणीतरी वाक्य अर्धवट सोडून उठून गेल्यासारखी. त्यामुळे त्याच्या तारासुद्धा वेगळ्या, दोन्ही टोकांना पितळेचा मणी असलेल्या. साधी तार त्यात बसत नाही.

आमची मुलगी आठ महिन्यांची आहे. रडण्याआधी ती भुंग्यासारखा आवाज काढते, म्हणून तिला भुंगी म्हणतो. भुंगी झोपते ती एकाच गोष्टीवर: टॉरबेकची जाडी तार मोकळी छेडायची, ती विरत आली की पुन्हा छेडायची. पाळणा नाही, अंगाई नाही, थोपटणं नाही. चार मिनिटांत तिची मूठ सुटते. हे मी अंदाजानं सांगत नाही. माझ्याकडे वही आहे. दूध किती, लंगोट किती, झोप किती मिनिटं, सगळं रकाने आखून. सासूबाई म्हणतात, "अगं, मूल आहे ते, हवामान खातं नाही." पण वही ठेवली नाही तर मला वाटतं मी पाठ फिरवली की काहीतरी होईल. वही ठेवली तरी वाटतं. पण मग निदान नोंद असते.

मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ती तार तुटली.

पहिल्या दिवशी नवऱ्यानं दुसरी तार सैल करून तो सूर काढून पाहिला. भुंगीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो आपणहून खोलीबाहेर गेला. मग मोबाइलवर जुनं रेकॉर्डिंग लावलं. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून तो आवाज निघतच नाही, नुसती तारेवर बोट घासल्याची खरखर निघते. मग मी स्वतः घशातून तो सूर काढला. तिला माझी दया आली असावी, सात मिनिटं झोपली. वहीत आहे. गुरुवारपर्यंत आम्ही तिघं अशा अवस्थेला पोचलो होतो, की नवऱ्यानं कानाच्या दवाखान्यात, जिथे तो लोकांचं ऐकणं तपासतो, एका आजोबांना विचारलं, "तुम्हाला मी दिसतोय का?"

गुरुवारी सकाळी मी नवऱ्याच्या मोबाइलवरून बेसवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं. तेच लिहून दुकानदारकाकांच्या फळ्यावरही चिठ्ठी लावून आले. टॉरबेकची जाडी तार कोणाकडे असेल तर कृपया घेऊन या, बाळाला झोप नाही, खाली पत्ता. एवढंच लिहून थांबायला हवं होतं. पण ते फार मागितल्यासारखं वाटलं. माणसानं मदत मागताना दोन शब्द बरे बोलावेत, म्हणून मी शेवटी एक वाक्य घातलं: "हा बेस तुम्हाला कसा वाटतो, तेही कळवा."

शुक्रवारी सकाळी साडेनऊला बेल वाजली. दारात ग्रुपवरचे एक दाताचे डॉक्टर. हातात तार नाही.

"वहिनी, तुम्ही विचारलंत म्हणून आलो," ते म्हणाले आणि चपला काढून आत येऊन बसले. "टॉरबेक. बघा, पहिल्या दोन वर्षांत निघालेला असेल तर बोलू. नंतरचा असेल तर मी चहा घेऊन निघतो."

"तार आणलीत का?"

"तार नंतर. आधी दांडी कसली आहे ते सांगा."

पहिल्या दोन वर्षांत दांडी कसल्याशा काळ्या मिश्रणाची होती आणि नंतर लाकडाची झाली, हे मला त्या दिवशी कळलं. जगातले बेसवाले यावरून दुभंगले आहेत, हेही. डॉक्टरांचं बोलणं संपायच्या आत बसचालक आले, ते नंतरच्या पक्षाचे. मग गणिताचे सर. मग हॉटेलच्या लॉबीत वाजवणारा एक जाडजूड माणूस, ज्याला सगळे मेव्हणा म्हणत होते; कोणाचा ते विचारायची सोय नव्हती. बेसवाल्यांची गंमत अशी की ते आलेले कळत नाहीत. बेल एकदा वाजते आणि माणसं तीन आत असतात. मी दूध गरम करायला गेले तर ओट्यापाशी दोघं उभे, घोडीवर बोलत होते. घोडी म्हणजे ज्यावरून तारा जातात तो तुकडा. सासूबाई देवासारख्या शांत चेहऱ्यानं बाहेर येऊन म्हणाल्या, "अगं, हे पाहुणे आहेत की नळवाले?"

"बेसवाले आहेत, आई."

"मग सामान कुठाय?"

"ते मत घेऊन आलेत."

दुपारी बारापर्यंत चौदा झाले. मी वहीत नवा रकाना आखला. माणसं चौदा, मतं एकोणीस. गणिताच्या सरांची एकट्याची चार होती, आणि त्यातली दोन एकमेकांच्या विरुद्ध. "मी दोन्ही बाजूंनी सोडवून पाहिलंय," ते म्हणाले. "उत्तर येत नाही."

"आवाज कसा आहे माहितेय?" मेव्हणा म्हणाला. "फ्रीजनं मनापासून गायल्यासारखा."

"फ्रीज नाही, कपाट," बसचालक. "सरकवलेलं कपाट. आणि ते चांगलंय!"

"वजनच नाही त्याला," डॉक्टर. "तीन तास वाजवून खांदा दुखला नाही तर वाजवल्याचं समाधान काय?"

"तुम्ही दात काढता, तुम्हाला दुसऱ्याच्या दुखण्याचं समाधान असतं."

"डोकं नाही त्याला, डोकं! मी स्टेजवर उभा राहिलो की लोकांना वाटायचं याचा बेस मोडलाय. एका बाईंनी येऊन विचारलं, पडलात का हो कुठे?"

"मग काय म्हणालात?"

"हो म्हणालो. काय समजावणार."

इतक्यात आत भुंगी भुंभुं करायला लागली आणि मग तिनं भोंगा पसरला. सगळे एकदम गप्प झाले. मला वाटलं, माणुसकी. पण गणिताचे सर मान तिरकी करून, रडण्याचा सूर ओळखत म्हणाले, "सी शार्प." बसचालक म्हणाले, "सी शार्पच्या किंचित खाली." पाच मिनिटं त्यावर गेली. नवऱ्यानं मधे पडून सी शार्पच आहे असं सांगितलं, तो कान तपासणारा म्हणून. तेव्हापासून बसचालक त्याच्याशी बोलेनासे झाले.

"अरे, तू त्यांना विचार ना तार आणलीये का," मी त्याला बाथरूमच्या दाराशी गाठलं.

"विचारलं."

"मग?"

"म्हणाले, तारेचं म्हणशील तर चपट्या की गोल?"

संध्याकाळी सगळे गेले. मी सुटकेचा श्वास टाकला. पण शनिवारी सकाळी साडेनऊला चौदाच्या चौदा परत. रात्रीत प्रत्येकाला नवीन काहीतरी सुचलेलं होतं. आता त्यांना बसायच्या जागा ठरलेल्या होत्या: पहिल्या दोन वर्षांचे खिडकीकडे, नंतरचे दाराकडे. मेव्हणा मधल्या स्टुलावर, कारण त्याचं मत दुपारी बदलायचं. दुपारी मी सासूबाईंना बाळ द्यायला गेले तर त्या दाराकडच्या बाजूला खुर्ची ओढून बसलेल्या.

"आई, तुम्ही इकडे?"

"नाही गं, मी ऐकत होते. मला बाई नंतरचेच बरे वाटतात. लाकूड ते लाकूड."

खिडकीकडून कोणीतरी म्हणालं, "आजी, तुम्ही वाजवून पाहिलाय का?"

"तू जगून पाहिलंयस का माझ्याइतकं?" सासूबाई म्हणाल्या, आणि नंतरच्या पक्षानं टाळ्या वाजवल्या.

या सगळ्यात भुंगी दिवसाकाठी चाळीस मिनिटं झोपत होती, तीही तुकड्यांत. तिच्या डोळ्यांखाली निळसर झालं होतं. आठ महिन्यांच्या बाळाच्या डोळ्यांखाली. दूध अर्धं टाकायला लागली. डॉक्टरांनी, म्हणजे लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी, तपासून सांगितलं की बाळ ठणठणीत आहे, तिला फक्त झोपवा. "झोपवा" हा शब्द त्यांनी अशा सहजपणे उच्चारला, की मी घरी येईपर्यंत रडत होते. वहीतला झोपेचा रकाना मला दिसेनासा झाला. मी आकडे लिहायची, आणि ते मला दुसऱ्या कोणाच्या तरी बाळाचे वाटायचे.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. बाल्कनीत वाळत घातलेले भुंगीचे कपडे मी काढायला जायची, तर ते काढून, घडी करून, आकारानुसार लावून ठेवलेले असायचे. झबली एकीकडे, लंगोट एकीकडे, मोज्यांच्या जोड्या आत गुंडाळून. मला वाटलं सासूबाई. सासूबाईंना वाटलं मी. तीन दिवसांत हे आम्ही एकमेकींना बोललो नाही. घरात कोणी न सांगता काम केलं तर त्याची वाच्यता करू नये, थांबतं ते.

रविवारी दुपारी एक वाजता मी कप धूत होते. पंधरा कप.

मी परत मोजले. पंधरा. आमच्या घरचे आम्ही स्टीलच्या पेल्यातून पितो, त्यामुळे कप फक्त त्यांचे. माणसं चौदा. मी शनिवारचा आकडा वहीत पाहिला: कप पंधरा. शुक्रवारचा: पंधरा. मी तीन दिवस पंधरा लिहीत होते आणि शेजारी माणसं चौदा लिहीत होते, आणि माझ्या डोळ्यांना ते दिसलं नव्हतं. मोजण्यात मी चुकत नाही. माझं सगळं चुकतं, पण मोजणं नाही.

मी ओले हात पुसत बाहेर आले आणि वर्गात म्हणतात तसं म्हटलं, "सगळ्यांनी हजेरी द्या. एकेक आकडा."

"वहिनी, आत्ता आम्ही पट्ट्याच्या लांबीवर..."

"आकडा!"

डॉक्टर म्हणाले एक. बसचालक दोन. खिडकीकडून दाराकडे असं फिरत फिरत मेव्हण्यापाशी चौदा झाले.  आणि मग बाल्कनीतून, वाळत घातलेल्या दुपट्यामागून, अगदी खालच्या आवाजात कोणीतरी म्हणालं, "पंधरा."

दुपटं बाजूला केलं. राखी स्वेटरमधला एक पन्नाशीचा माणूस स्टुलावर बसून मोज्यांच्या जोड्या लावत होता. डोळे लाल. आमचे होते तसेच.

"तुम्ही कधी आलात?"

"शुक्रवारी. साडेनऊला. डॉक्टरांच्या मागेच होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो. तार आणलीये म्हणून तिन्ही दिवस सांगितलं." त्यानं थांबून एक मोजा सरळ केला. "पण तेव्हा घोडीवर चर्चा चालू होती."

त्यानं स्वेटरच्या खिशातून वेटोळं केलेली तार काढून माझ्या हातात दिली. दोन्ही टोकांना पितळेचे मणी.  मागून सगळे बाल्कनीच्या दाराशी जमले होते, आणि गणिताच्या सरांनी विचारलंच, "तुमचं मत काय? पहिला की नंतरचा?"

"मला मत नाही," तो म्हणाला. "माझ्याकडे तो आहे."

मी वळून पाहिलं. चौदा माणसं जमिनीकडे बघत होती. तेव्हा मला कळलं की त्या चौदांपैकी एकाकडेही टॉरबेक नव्हता. काहींनी विकला होता, काहींनी मित्राचा धरून पाहिला होता. मेव्हण्यानं तर काचेतून पाहिला होता.

नवऱ्यानं तार चढवली. दोन वाजायला पाच मिनिटं होती. त्यानं छेडली. फरशीतून, पायातून, पोटातून तो सूर आला. आत सासूबाईंच्या खांद्यावर भुंगीचं भुंभुं थांबलं. विरत आला तसा त्यानं पुन्हा छेडला. मी घड्याळ बघत होते. चौथ्या मिनिटाला तिची मूठ सुटली. त्यानंतर दोन मिनिटांत बसचालक सोफ्यावर कलंडले. मग डॉक्टर, सरांच्या खांद्यावर डोकं ठेवून, पहिला पक्ष दुसऱ्या पक्षावर. मेव्हणा स्टुलावरच. शेवटी सासूबाई, भुंगीला नीट निजवून, तिच्या शेजारी. अख्खं घर एका लयीत घोरत होतं.

जागे आम्ही तिघंच. नवऱ्याला वाजवायचं होतं, मला मोजायचं होतं, आणि तो राखी स्वेटर दारातून आत पाळण्याकडे बघत उभा होता.

"किती वेळ लागला?" त्यानं विचारलं.

"चार मिनिटं."

"चांगलंय." तो चपला घालत होता. "मला सहा लागायची."

मी "थांबा, चहा घ्या" म्हणेपर्यंत तो गेलाही. दार लागल्याचा आवाजसुद्धा नाही, ते नुसतं लोटलेलं होतं, आणि जिन्यात कोणी नव्हतं. "सहा (त्यांना)" असं मी वहीत लिहून ठेवलं, कारण आकडा आला की मी लिहिते. त्याचा अर्थ तेव्हा माझ्या डोक्यात शिरला नाही. मी पाच दिवसांनी पहिल्यांदा बसले होते. भुंगी सलग दोन तास चाळीस मिनिटं झोपली.

संध्याकाळी सगळे डोळे चोळत, एकमेकांची माफी मागत निघून गेले. नवऱ्यानं बेस पुसायला घेतला आणि थांबला.

"अगं, ही नवी तार नाहीये."

"म्हणजे?"

"इथे बघ, बोटाखाली घासून चकचकीत झालीये. एकाच जागी. वर्षानुवर्षं एकाच जागी छेडलेली. आणि हा मणी नुकताच काढलाय, कडेला ओरखडा ताजा आहे." तो तार बोटात धरून बसला. "त्यानं स्वतःच्या बेसची काढून दिली."

मी वही उघडली. सहा, त्यांना. लागायची.

दुकानदारकाकांकडे गेले. माझ्या चिठ्ठीच्या कोपऱ्यावर घडीची खूण होती, कुणीतरी पत्ता पाहायला ती वाकवून धरली असावी. "बेसवाल्यांचे चेहरे लक्षात राहत नाहीत गं," काका म्हणाले. ग्रुपवर विचारलं तर चौदा जणांनी चौदा वर्णनं सांगितली. डॉक्टर म्हणाले, असा कोणी नव्हताच. अशी दुसरी तार आता मिळणार नाही, काकांनी सगळीकडे विचारून पाहिलं. अर्धी कापून देता येत नाही. मी तिचा हिशोब कितीही मांडला तरी दोन माणसं आणि एक तार असंच उत्तर येतं.

भुंगी आता बरी आहे, दूध पूर्ण पिते. मला बरं वाटतं, आणि मग लगेच वाटत नाही.

म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या इमारतीत, ऑफिसात, नात्यात असा कोणी असेल, पन्नाशीचा, राखी स्वेटर, मोज्यांच्या जोड्या न सांगता लावून ठेवणारा, ज्याचं कशाहीबद्दल मत तुम्ही कधी ऐकलेलं नाही, तर आज त्याच्याकडे जाऊन बघा. झोप लागते का विचारा. आमच्याकडे दुपारी दोन वाजता जाडी तार वाजते, सोफा रिकामा असतो, दार मी लोटूनच ठेवते, एवढं त्याला सांगा. आणि हाक मारल्यावर उत्तर आलं नाही तर लगेच परत फिरू नका. थोडं थांबा. त्याचा आवाज खालचा आहे, आणि तो उत्तर देत असण्याची शक्यता बरीच आहे.